खोलगटातलं अकरावं घर

१

मनालीचं काम ऐकायला भीतीदायक होतं, करायला मात्र कंटाळवाणं. लोणारच्या बाजूला धामणदरा नावाचं गाव आहे. त्या गावाच्या माळावर एक कंपनी जमिनीखालचा वायू शोधत होती. काळा खडक फोडून खोल विहीर पाडून झाली होती, वायू लागला होता, आणि तो किती निघतो हे बघण्यासाठी एक दिवस विहीर उघडून तो जाळून पाहायचा होता. अडचण एवढीच की त्यात विषारी वायू मिसळलेला होता, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा. चुकून न जळता सुटला तर तो कुठे जाईल, वाटेत किती घरं लागतील, त्या घरांतली माणसं किती मिनिटांत बाहेर पडतील, हे आधीच मोजून ठेवायचं. बुलढाण्याच्या मनालीला त्यासाठीच पाठवलं होतं.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. पाण्यासारखा उताराला लागतो आणि खोलगटात साचतो. माळाखाली नाल्याच्या कडेनं अशीच एक खोलगट जागा होती आणि तिच्यात अकरा घरं होती. जीप वरच्या लिंबाखाली थांबायची. तिथून पुढे पायवाट. ड्रायव्हर शेषराव पन्नाशीचे, गुडघेदुखीचे. पण मॅडम एकट्या कशा जातील म्हणून तेही मागून यायचे.

दुपारपर्यंत दहा घरं झाली. एकेचाळीस माणसं. अकरावं घर सगळ्यांत खाली होतं, बाकीच्यांपासून तुटलेलं. सत्यभामाबाई दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. सत्तरीच्या, काटकुळ्या, गुडघे धरून उठणाऱ्या. मनालीनं अर्ज काढला. नाव, वय, आजार, रात्री कुठे झोपता, ऐकू नीट येतं का. आठवा प्रश्न होता, अडचणीच्या वेळी तुम्हाला बाहेर काढायला कोण येईल?

"हे हायेत ना," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"हे म्हणजे?"

"चांगुणीचे बाबा."

मनालीनं 'पती' असं लिहिलं. "त्यांचं वय काय, आजी?"

"आता वय कायचं वं माय. त्यायले जाऊन एकोणीस वर्सं झाले."

मनालीनं 'पती'वर रेघ मारली आणि 'कोणी नाही' असं लिहिलं. सत्यभामाबाईंना वाचता येत नव्हतं. पण रेघ त्यांना दिसली.

"खोडलं काऊन?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, नुसतं विचारलं. मनालीनं अर्ज मिटला आणि टेप काढला.

२

मनालीची एक गोष्ट कंपनीत कोणालाच माहीत नव्हती. तिला वास येत नव्हता. करोनात गेला तो गेला. चार वर्षं झाली. फोडणीचा नाही, फिनेलचा नाही, आईच्या साडीचाही नाही. तब्येतीच्या अर्जावर ती 'तक्रार नाही' असं लिहून मोकळी व्हायची. या वायूच्या बाबतीत नाक तसंही दगा देतं, असं ती स्वतःला समजवायची. वायू थोडा असेपर्यंत वास येतो, वाढला की नाकच मरतं, आणि माणसाला वाटतं की धोका टळला. म्हणून सगळे कमरेला लावलेल्या, वायू मोजणाऱ्या मीटरवर विसंबतात. मग आपण विसंबलो तर काय बिघडलं?

खिडकी मोजायला ती आत गेली. एकच खोली. वर पत्रे, खाली शेणानं सारवलेलं, एका भिंतीला बाज, दुसरीला चूल आणि पितळेची चार भांडी. खिडकी हातभर. मनालीनं टेप लावला आणि तिचा हात तिथंच थांबला.

वास आला.

चार वर्षांनी आलेला वास इतका जोरात होता, की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. ओल्या घोंगडीचा वास. त्यात चुना-तंबाखू आणि विहिरीच्या तळाच्या गाळाचा गारवा. तिनं खोलीभर नजर फिरवली. घोंगडी कुठेच नव्हती. दोरीवर दोन लुगडी, बस.

वास दारातून आत आला होता. तिच्या पाठीमागून गेला, सावकाश, माणूस चालतो तसा, आणि बाजेपाशी जाऊन थांबला. मीटर गप्प होता, आकडा शून्य. चुलीतलं लाकूड तडतडत होतं. शेंगा फोडण्याचा आवाज मात्र बंद झाला होता.

मनालीनं वळून पाहिलं. उंबऱ्यात बसलेल्या सत्यभामाबाई आता उभ्या होत्या, आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला होता.

३

लोणारच्या लॉजवर संध्याकाळी तिनं एका डॉक्टर मैत्रिणीला फोन लावला. नाव न घेता, कोणाचं तरी म्हणून विचारलं. मैत्रीण म्हणाली, होतं असं. गेलेलं नाक परत येताना खोटे वास देतं. कोणाला जळकं येतं, कोणाला आणखी काही. मेंदू जुन्या कपाटातून काहीतरी काढून हातात देतो. मनालीला बरं वाटलं. चहा मागवून तिनं तो नाकाशी धरला. काही नाही. नुसती वाफ.

घोंगडी तिच्या कुठल्याच जुन्या कपाटात नव्हती. वडील बुलढाण्याच्या कोर्टात कारकून होते. घरात कधी घोंगडी आलीच नाही. हा विचार तिनं फार पुढे जाऊ दिला नाही.

४

दुसऱ्या दिवशी विहीर मोजायची होती. वायूची नाही, पाण्याची जुनी विहीर. सत्यभामाबाईंच्या घरामागे चाळीस पावलांवर, दगडी बांधाची, कोरडी, कडेला बाभूळ. जड वायू आधी अशाच जागी उतरतो. मनालीनं नायलॉनच्या दोरीला मीटर बांधला. घाईत, साधी दोन फेऱ्यांची गाठ. शेषराव म्हणाले, "मॅडम, सुटते पाहा." ती म्हणाली, "नाही सुटत." आणि दोरी सोडली.

पस्तीस फूट. चाळीस. तळ लागला तसं दोरीचं वजन गेलं. वाकून पाहिलं तर खाली नुसता काळोख. तिनं घड्याळ लावलं, दोन मिनिटं थांबायचं होतं.

मिनिटभरात दोरी ताणली गेली. झटका नव्हे. दुकानदार पुडीचा दोरा गुंडाळताना एक टोक ओढून धरतो ना, तशी. ताणली, जरा हलली, पुन्हा ताणली, आणि सैल झाली. 'कपारीत अडकली असेल,' ती मनाशी म्हणाली, आणि भराभर ओढू लागली.

मीटर वर आला. आकडे ठीक होते, तळाशी प्राणवायू कमी, बाकी काही नाही. पण शेषराव आकडे बघत नव्हते.

"हे गाठ तुमी मारली काय?"

दोरी मीटरच्या कडीतून दोनदा ओवलेली होती, मग स्वतःभोवती उलटी वळवून आतून काढलेली. नीट आवळलेली, देखणी गाठ. मनालीला ती सोडवताही आली नाही.

"हे पोहऱ्याची गाठ होय," शेषराव हळूच म्हणाले. "इहिरीवर मोटारी आल्या तवापासून कोणी मारत नाही अशी."

"शेषरावभाऊ, तुम्ही तर नाही ना..."

"म्या दोरीले हात नाही लावला मॅडम. आईची आन."

सत्यभामाबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी गाठ बोटांनी चाचपली आणि हसल्या. लेकराचं अक्षर ओळखावं तशा.

"त्यायचा हात हाय हा," त्या म्हणाल्या. मग बांधावर बसून त्यांनी सांगितलं, थांबत थांबत.

"तुळशीराम भाऊजी गाळ काढाले उतरले. खाली बसले ते बसलेच. सारे वरून हाका मारून राह्यले, जवाब नाही. कोणी म्हणे भोवळ आली, कोणी म्हणे जनावर चावलं. मंग हे उतरले. म्या म्हटलं जाऊ नका. म्हणे, आत्ता येतो. भाऊजीच्या काखेतून दोर घातला, गाठ मारली, अन् खालून दोन झटके देल्ले. लोकायनं ओढलं. भाऊजी वर आले. जिते आले. मंग दोर परत सोडला."

"मग?"

"मंग कोणी झटका नाही देल्ला."

तुळशीराम सातव्या घरातले. काल त्यांच्याच अंगणात मनालीनं चहा घेतला होता. त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. फक्त निघताना म्हणाले होते, खालच्या वहिनीचं नाव अर्जात नीट लिहा.

५

चाचणी पौष महिन्यातल्या एका गुरुवारी ठरली. सगळ्यांनी सकाळी सहालाच वरच्या शाळेत यायचं, सातला वायूची विहीर उघडणार, दहाला घरी. त्या आठवड्यात मनाली आणखी दोनदा अकराव्या घरी गेली. आजींना वर चालत यायला किती वेळ लागतो, हे तिनं घड्याळ लावून पाहिलं. सव्वीस मिनिटं. तीनदा बसावं लागलं. ती म्हणाली, मी पहाटे शेषरावांना पाठवते, ते हात धरून आणतील.

"त्यायचेच गुडघे दुखतेत," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तू नको फिकीर करू. मी येतो बरोबर."

"एकट्या नका येऊ."

"एकटी कायले येईन?"

गुरुवारी खोलगटात दाट धुकं होतं. वारा अजिबात नव्हता. ही गोष्ट मनालीला आवडली नाही, आणि तिनं वरच्या साहेबांना, शेखरला, फोन करून सांगितलंही. शेखर म्हणाला, ज्योत उंच आहे, जळून जाईल सगळं. सहाला शेषराव खाली जाऊन परत आले. म्हणाले, म्हातारी म्हणते, चहा पिऊन येतो, तू हो पुढं. शाळेच्या आवारात मनालीनं माणसं मोजली. एकेचाळीस. फक्त आजी राहिल्या होत्या, त्या वाटेत असतील असं तिनं धरलं. लेकरं भिंतीवर चढून माळाकडे बघत होती. सात वाजता तिकडे गर्जना झाली आणि धुक्यात केशरी उजेड पसरला.

सात वाजून अकरा मिनिटांनी उजेड गेला. गर्जना तशीच राहिली.

गर्जना चालू आणि ज्योत विझलेली, याचा अर्थ मनालीला कोणी सांगायला नको होता. तिनं एकदा पुन्हा मोजलं. एकेचाळीसच.

६

पाठीवर हवेचं नळकांडं आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा घालून ती पायवाटेनं उतरली. नळकांड्यात पंधरा मिनिटांची हवा होती. शेषराव मागून ओरडले, त्यांना तिनं हातानंच थांबवलं. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मुखवट्याच्या आत तिचाच श्वास मोठ्यानं ऐकू येत होता, बाकी सगळं बुजल्यासारखं. नाल्यापाशी वाट दोन फाट्यांत फुटायची. खालची जवळची, वरची लांबची. वेळ नव्हता. ती खालच्या वाटेला वळली.

आणि मुखवट्याच्या आत ओल्या घोंगडीचा वास आला.

बाहेरची हवा आत येऊच शकत नव्हती. तिनं रबराच्या कडा दाबून पाहिल्या. घट्ट होत्या. वास तोंडासमोरच होता, वाटेत कोणी आडवं उभं राहावं तसा. तिनं एक पाऊल पुढे टाकलं आणि कमरेचा मीटर किंचाळायला लागला. पुढच्या झुडपाखाली तीन शेळ्या आडव्या दिसल्या, कोणाच्या तरी सुटून आलेल्या. एकीच्या तोंडात पाला तसाच होता.

मनाली मागे सरली. सरताना तिला जाणवलं की वासही सरतोय, वरच्या वाटेकडे. तिनं तेव्हा विचार केला नाही. विचार तिनं पुढे कितीतरी दिवस केला. त्या क्षणी मात्र ती वरच्या वाटेनं निघाली, दिव्यामागे जावं तशी त्या वासामागे, आणि मीटर हळूहळू गप्प झाला.

धुकं एका ठिकाणी फाटलं. पुढे वीसेक पावलांवर कोणीतरी चढण चढत होतं. उंच माणूस, पाठीत वाकलेला, पाठीवर ओझं. कापसाचं गाठोडं असेल असं तिला वाटलं. मग तिला दिसलं की गाठोड्याला दोन हात आहेत. त्याच्या गळ्याभोवती घातलेले, आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

धुकं मिटलं.

टेकाडावर, दगडावर सत्यभामाबाई बसल्या होत्या. शांत, श्वासही लागलेला नव्हता. मनालीनं त्यांचे हात हातात घेतले. मोकळे, सुरकुतलेले. वर्षानुवर्षं बांगडी न घातलेले हात. पाय अनवाणी होते आणि तळवे कोरडे. सगळं रान दवानं चिंब होतं. गवतात वर येणारी पावलं उमटली होती, मोठी, रुंद, अनवाणी. एकाच माणसाची. दगडापाशी येऊन ती संपत होती.

मुखवटा काढून मनाली त्यांच्याशेजारी बसली. सत्यभामाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"भेव लागलं ना तुले?" त्या म्हणाल्या. "मलेही लागलं होतं, पयल्यांदा. रडलो मी लय. मंग सवय होते वं."

७

ज्योत बारा मिनिटांत पुन्हा पेटली. माणूस कोणी दगावलं नाही. चौकशी झाली, चाचणी थांबली, कंपनीनं शेळ्यांची भरपाई दिली. मनालीनं अहवालात सगळे आकडे लिहिले. शेखरसमोर बसून तिनं आपल्या नाकाचंही सांगितलं. त्यानं तिला जागेवरच्या कामावरून काढून टेबलावर बसवलं. तिची तक्रार नव्हती. तिचं नाक आजही तसंच आहे.

अहवालातली शेवटची शिफारस तिनं तीनदा लिहिली आणि खोडली. अकरावं घर कायमचं रिकामं करावं. आकडे दुसरं काही सांगतच नव्हते. पुन्हा विहीर उघडली, पुन्हा वारा पडला, तर त्या खोलीत माणूस वाचणार नाही. शेवटी तिनं ते लिहिलं, आणि कागद निघायच्या आधी स्वतः सांगायला गेली.

चांगुणा देऊळघाटला दिलेली होती. ती आईला न्यायला एका पायावर तयार होती. सत्यभामाबाई मात्र हलेनात. वायूची भीती त्यांना नव्हतीच. मनालीनं समजावलं, चिडली, पुन्हा समजावलं. म्हातारीनं बराच वेळ ऐकून घेतलं, आणि मग खालमानेनं म्हणाली,

"चांगुणीचं लगन त्यायच्या मागून झालं. देऊळघाटले ते कधी गेलेच नाही, बाई. त्यायले घर नाही माहीत. मी तठी गेल्यावर हे अठी रिकाम्या घरात येतीन. हाका मारतीन. कोण जवाब देईन?"

मनालीनं दाराकडे पाहिलं. आत खोलीत चूल विझत आली होती.

"मी सांगितलं तर?" शेवटी ती म्हणाली, आणि आपण हे काय बोललो याचं तिलाच नवल वाटलं. "मी त्यांना पत्ता सांगितला तर, आजी?"

सत्यभामाबाईंनी मान वर केली. "सांगशीन?"

८

रविवारी सकाळी अकराला, चांगल्या उन्हात, शेषराव गाठोडी आणि पितळेची भांडी वर नेत होते, तेव्हा मनाली विहिरीपाशी गेली. आजूबाजूला कोणी नाही हे तिनं दोनदा पाहिलं. मग बांधाला हात टेकून खाली वाकली.

"उकंडरावजी," ती म्हणाली. आजींच्या नवऱ्याचं नाव तिनं तुळशीरामांकडून विचारून घेतलं होतं. खाकरून पुन्हा म्हणाली. "उकंडरावजी, आम्ही आजींना देऊळघाटला नेतोय. मेहकरवरून चिखली, मग बुलढाणा, आणि पुढे. चांगुणाताईंचं घर शाळेच्या मागं आहे. दुसरी गल्ली, निळं दार, दारात पेरूचं झाड. जावई चांगले आहेत. दोन नाती आहेत तुम्हाला." आणखी काय सांगायचं? "गाडी वर लिंबाखाली आहे. आम्ही थोडं थांबू."

एवढी खोल, कोरडी विहीर. हाक मारली की आवाज घुमून परत यायचा. मोजणीच्या दिवशी तिचा प्रत्येक शब्द परत आला होता. आज एकही आला नाही. कोणीतरी खाली कान देऊन उभं असावं आणि सगळे शब्द तिथंच ठेवून घेत असावं, तसं वाटलं. तरी ती लगेच हलली नाही. आपलं बोलणं पुरं ऐकून घेतलं जातंय, तर मध्येच पाठ फिरवणं बरं दिसत नाही, असं काहीतरी तिला वाटलं.

गाडीत सत्यभामाबाई मागच्या सीटवर अगदी खिडकीला चिकटून बसल्या. शेजारी अख्खी सीट रिकामी. शेषराव म्हणाले, "मावशी, ऐसपैस बसा ना. तीन तासाचा रस्ता हाय."

"असू दे भाऊ. ठीक हाय."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. शेषरावांनी चावीला हात लावला आणि मनालीकडे पाहिलं. मनालीनं मान हलवली, अजून नाही. लिंबाची पिकली पानं टपावर पडत होती. मग मागचं दार, जे नीट लागलेलंच होतं, एकदा हलल्यासारखा आवाज आला. गाडी मागच्या बाजूनं थोडी खाली बसली.

"हाव," सत्यभामाबाई म्हणाल्या. "चाला आता."

मनालीनं मागे पाहिलं नाही. शेषरावांनीही नाही. गाडी माळ ओलांडून डांबरी रस्त्याला लागली. पहिल्याच गतिरोधकावर जोरात आदळली तेव्हा मागून सत्यभामाबाईंचा आवाज आला, हलका, नव्या नवरीसारखा लाजरा.

"धरून बसा जी. तुमाले सवय नाही गाडीची."

शेषरावांनी गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली, आणि पार देऊळघाटापर्यंत ती चाळीसच्या वर नेली नाही.